नळाच्या वायसरवर गुंडाळलेला रेडिओ : एका छोट्या ट्रान्सीव्हरची मोठी गोष्ट

१/
सन २००३. हैदराबादचे हौशी रेडिओचालक अशहर फरहान यांनी लघुलहरींवर बोलण्याचे आणि ऐकण्याचे एक छोटेखानी यंत्र रचले व त्याचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला केला. यंत्राचे नाव ‘बिटएक्स’. त्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांत ट्रान्झिस्टर होते, डायोड होते, स्फटिक होते; आणि कॉइल गुंडाळण्यासाठी चक्क नळाचा वायसर होता. गळका नळ दुरुस्त करताना प्लंबर बसवतो, तोच. ही वस्तू रेडिओच्या पोटात कशी पोहोचली, याची ही कहाणी. तिची सुरुवात मात्र नव्वद वर्षे आधी, ‘निरुपयोगी’ ठरवलेल्या काही लहरींपासून होते.

२/
प्रथम दोन संज्ञा. ‘हौशी रेडिओचालक’ म्हणजेच ‘हॅम’ : सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवणारा, स्वतःचे कॉलसाइन असणारा आणि पैसा न कमावता केवळ प्रयोग, शिक्षण व सेवेसाठी रेडिओ चालवणारा नागरिक. ‘ट्रान्सीव्हर’ म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर, प्रक्षेपक आणि ग्राही, एकाच यंत्रात. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल हाही ट्रान्सीव्हरच आहे, त्यामुळे या कल्पनेत विशेष काही वाटत नाही. परंतु रेडिओच्या इतिहासात बोलणे आणि ऐकणे ही प्रदीर्घ काळ दोन वेगळ्या पेट्यांची कामे होती. या दोन पेट्यांची एक पेटी होणे, आणि ती पेटी सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात येणे, हाच या धाग्याचा विषय.

३/
सन १९१२. अमेरिकेत नवा रेडिओ कायदा झाला. जहाजे, नौदल आणि व्यापारी कंपन्या यांना हौशी मंडळींची लुडबुड नकोशी झाली होती. त्या काळची समजूत अशी, की लहर जितकी लांब तितका संदेश दूर जातो. म्हणून हौशींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर पाठवून देण्यात आले. ज्या जमिनीत काही उगवणार नाही असे गावाने ठरवले होते, ती जमीन त्यांच्या वाट्याला आली. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, की पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला वातावरणाचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनोस्फिअर, याच आखूड लहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो.

४/
डिसेंबर १९२१. अमेरिकन हौशींनी पॉल गॉडली यांना रिसीव्हर देऊन स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे पाठवले. कडाक्याच्या थंडीत, तंबूत बसून त्यांनी अटलांटिक महासागरापलीकडील हौशी केंद्रांचे संकेत टिपले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेऑन दलॉय आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांनी सुमारे १०० मीटर लहरीवर महासागराच्या आरपार दुतर्फा संवाद साधला. ‘निरुपयोगी’ जमीन सुपीक निघाली. त्यानंतर सरकारे आणि कंपन्या लघुलहरींकडे धावल्या, आणि शोध लावणाऱ्या हौशींच्या हाती काही अरुंद पट्टे उरले. ७ मेगाहर्ट्झचा ४० मीटर पट्टा आणि १४ मेगाहर्ट्झचा २० मीटर पट्टा हे त्यांपैकी दोन. पुढील कथा प्रामुख्याने या दोन पट्ट्यांवर घडते.

५/
भारतात १९२१ मध्ये कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून हौशी रेडिओची परंपरा सुरू झाली. संख्या तुटपुंजी होती, उत्साह मोठा होता. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी रेडिओ बंद केला आणि ट्रान्समीटर जमा करण्याचे आदेश निघाले. स्वतः बोलू शकणारे यंत्र नागरिकाच्या घरात असणे ही गोष्ट सत्तेला केवढी भीतीदायक वाटते, याचा तो पुरावा होता. रेडिओ ऐकणारा माणूस प्रजा असतो. रेडिओवर बोलणारा माणूस त्याहून काही अधिक असतो. तीन वर्षांनी मुंबईत हेच सिद्ध झाले.

६/
ऑगस्ट १९४२. ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. यंत्रबांधणीसाठी रेडिओ-तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर यांची मदत घेण्यात आली. लहर सुमारे ४२ मीटरची, म्हणजे साधारण ७ मेगाहर्ट्झच्या आसपास. हौशींच्या ४० मीटर पट्ट्याच्या अगदी शेजघरातली. पोलीस माग काढत असल्याने केंद्र पुन्हा पुन्हा जागा बदलत असे. नोव्हेंबर १९४२ मध्ये छापा पडला आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. ट्रान्समीटर हलवता येणे ही त्या काळी चैन नव्हती. यंत्र जितके लहान, तितके ते अधिक काळ बोलू शकत होते.

७/
पण यंत्र लहान करायचे कसे? युद्धकाळातील उत्तर होते : नीट रचून भरा. ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेसाठी जॉन ब्राउन यांनी रचलेला ‘टाइप ३ मार्क २’, ज्याला ‘बी-२’ म्हणून ओळखतात, साध्या सुटकेसमध्ये बसत असे. नाझीव्याप्त युरोपात हेरांनी तो वापरला. परंतु त्या सुटकेसच्या आत डोकावले तर ट्रान्समीटर वेगळा, रिसीव्हर वेगळा आणि वीजपुरवठा वेगळा, असे तीन स्वतंत्र संच शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. भरलेल्या सुटकेसचे वजन सुमारे १५ किलो. दोन पेट्या एका पेटीत घातल्या गेल्या होत्या. त्यांची एक पेटी झालेली नव्हती.

८/
खरी वाट दाखवली ती आवाज पाठवण्याच्या एका वेगळ्या पद्धतीने. नेहमीच्या मध्यमलहरी आकाशवाणीची पद्धत ‘एएम’. तीत एक अखंड वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही अंगांना आवाजाचे दोन पट्टे असतात. पूर्ण जोरात एकच सूर पाठवला, तर एकूण शक्तीपैकी दोन-तृतीयांश शक्ती वाहक लहर खाते, आणि त्या लहरीत आवाजाची काहीही माहिती नसते. उरलेले दोन पट्टे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. म्हणजे संदेश एका पट्ट्यात पूर्ण असतो आणि त्याला मिळते फक्त एक-षष्ठांश शक्ती! पालखीत बसणारा एक आणि भोई पाच, असा हा हिशेब.

९/
जॉन कार्सन या अमेरिकन अभियंत्याने १९१५ मध्येच यावर उपाय सुचवला होता : वाहक लहर काढून टाका, एक पट्टा काढून टाका, उरलेला एकच पट्टा पाठवा. हीच ‘सिंगल साइडबँड’, संक्षेपाने ‘एसएसबी’. १९२७ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्क–लंडन रेडिओ-टेलिफोन सेवेत ही पद्धत वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशींनी ती उत्साहाने उचलली. शक्ती वाचली आणि अरुंद पट्ट्यात दुप्पट माणसांना जागा झाली. परंतु किंमत मोजावी लागली ती गुंतागुंतीची. नको असलेला पट्टा छाटण्यासाठी अत्यंत धारदार फिल्टर लागतो, वारंवारता बदलण्यासाठी मिक्सर लागतात, आणि अचूक ऑसिलेटर लागतात.

१०/
आणि येथेच एक सुंदर योगायोग नजरेस येतो. एसएसबी रिसीव्हरलाही नेमके हेच भाग लागतात! रिसीव्हर अँटेनाकडून आलेला संकेत मिक्सरमधून खाली आणतो, फिल्टरमधून गाळतो आणि दुसऱ्या मिक्सरमध्ये त्याचा आवाज करतो. ट्रान्समीटर आवाजाचा संकेत बनवतो, फिल्टरमधून गाळतो आणि मिक्सरमधून वर चढवून अँटेनाकडे धाडतो. एकाचा मार्ग म्हणजे दुसऱ्याचा उलटा मार्ग. माणूस एका क्षणी एक तर बोलतो किंवा ऐकतो. मग सर्वांत महागडे भाग दोनदा विकत का घ्यावेत?

११/
अमेरिकेतील आयोवा राज्यातील कॉलिन्स रेडिओ कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलेला ‘केडब्ल्यूएम-१’ या विचाराचे गाजलेले फळ होय. फिल्टर आणि ऑसिलेटर दोन्ही कामांसाठी सामायिक. मोटारीत बसवता येईल असा हा एसएसबी ट्रान्सीव्हर होता. बोलणारा आणि ऐकणारा एकाच ऑसिलेटरवर चालत असल्याने दोन्हींची वारंवारता आपोआप जुळे, हा आणखी एक लाभ. पुढील दोन दशकांत अमेरिकन आणि मग जपानी कंपन्यांनी हीच दिशा पकडली; व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले, यंत्रे आणखी लहान झाली. जगाच्या दृष्टीने छोट्या ट्रान्सीव्हरचा प्रश्न सुटला होता. भारताच्या दृष्टीने तो नुकताच सुरू होत होता.

१२/
स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. १९४८ मध्ये महू येथील लष्करी सिग्नल शाळेत अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. परंतु परवाना हाती असला तरी यंत्र कोठून आणायचे? परदेशी ट्रान्सीव्हर मध्यमवर्गीयाच्या पगाराला झेपणारा नव्हता. त्यावर परकीय चलनाची टंचाई आणि आयात शुल्क. लष्कराच्या डिस्पोजलमधून मिळालेले जड संच दुरुस्त करणे, किंवा घरी व्हॉल्व्हवर ट्रान्समीटर बांधणे, हेच मार्ग उरत. परीक्षा उत्तीर्ण झालेला, कॉलसाइन मिळालेला, तरीही हवेत एकही शब्द उच्चारू न शकणारा परवानाधारक ही भारतातील एक सार्वत्रिक व्यथा होती. घोडेस्वारीचा दाखला आहे, घोडा मात्र नाही, अशी गत.

१३/
मग परदेशी मासिकांतील आराखडे पाहून बांधावे, असे कोणी म्हणेल. अडचण तेथेही होती. त्या आराखड्यांत ठरावीक अमेरिकन कंपनीचे लोहचूर्णाचे कॉइल-गाभे, तयार क्रिस्टल फिल्टर आणि विशिष्ट आयसी गृहीत धरलेले असत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर, हैदराबादचा कोटी भाग या बाजारांत रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचे सामान विपुल मिळे. पण तो विशिष्ट गाभा मिळत नसे. एक भाग अडला की सारे यंत्र अडे. म्हणजे आराखडा कागदावर खुला असूनही प्रत्यक्षात बंदच राही. सुट्या भागांची यादी हीसुद्धा एक अदृश्य सीमारेषा असते.

१४/
फरहान यांनी हा क्रम उलटा केला. आधी उत्तम आराखडा काढून मग भाग शोधण्याऐवजी, साध्या दुकानात काय मिळते ते आधी पाहिले आणि त्यातून यंत्र रचले. पट्टा एकच निवडला : १४ मेगाहर्ट्झ. शक्ती सुमारे ६ वॉट, म्हणजे रात्री लावण्याच्या झिरो बल्बपेक्षाही कमी. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण आयनोस्फिअरची कृपा असेल तेव्हा एवढ्या शक्तीवर एसएसबीचा आवाज खंड ओलांडतो. अमेरिकन रेडिओ-अभियंते वेस हेवर्ड यांनी आणि त्यांच्या सहलेखकांनी हौशींसाठी जे शास्त्र सोपे करून मांडले होते, त्याची पक्की बैठक या रचनेमागे होती. नवी होती ती निवड आणि जुळणी.

१५/
‘बिटएक्स’चे मर्म एका शब्दात सांगता येते : दुतर्फा. डायोडचा मिक्सर आणि स्फटिकांचा फिल्टर हे भाग मुळातच दोन्ही दिशांनी चालतात. पाइपातून पाणी कोणत्याही बाजूने जावे, तसा त्यांतून संकेत जातो. अडचण असते ती प्रवर्धकाची, म्हणजे ॲम्प्लिफायरची. ट्रान्झिस्टर एकाच दिशेने संकेत मोठा करतो. नेहमीचा उपाय म्हणजे रिले किंवा स्विच वापरून बोलताना व ऐकताना वाट बदलणे. त्याने तारांचे जंजाळ वाढते, खर्च वाढतो, बिघाड वाढतात.

१६/
फरहान यांच्या रचनेत प्रत्येक ठिकाणी दोन साधे प्रवर्धक एकमेकांकडे पाठ करून बसवलेले आहेत. दोन चौकांमध्ये दोन एकेरी रस्ते असावेत, एक जाणारा आणि एक येणारा, तसे. ऐकताना एका रस्त्याला वीज मिळते, बोलताना दुसऱ्याला. ज्याला वीज नाही तो ट्रान्झिस्टर निद्रिस्त राहतो आणि संकेताच्या वाटेत येत नाही. नाजूक संकेतमार्गात स्विच घालण्याची गरजच उरत नाही. वीजपुरवठ्याची तार इकडून तिकडे केली की संपूर्ण यंत्र तोंड फिरवते. क्षणापूर्वीचा रिसीव्हर ट्रान्समीटर होतो, तेच मिक्सर आणि तोच फिल्टर वापरून. यंत्र लहान झाले, कारण प्रत्येक मोलाचा भाग दोनदा कामाला आला.

१७/
वारंवारतेचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे. फिल्टर १० मेगाहर्ट्झवर, फिरता ऑसिलेटर ४ मेगाहर्ट्झच्या थोडा वर. १० अधिक ४ बरोबर १४. पण १०च का? कारण १० मेगाहर्ट्झचे स्फटिक संगणकीय सर्किटांसाठी घाऊक प्रमाणात बनत आणि कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळत. असे चार स्फटिक शिडीसारखे जोडले, की जेमतेम मानवी आवाज मावेल एवढ्या रुंदीचा फिल्टर तयार होतो. मूठभर स्फटिक आणायचे, तपासायचे आणि एकमेकांशी जुळणारे निवडायचे. महागड्या तयार फिल्टरचे काम दुकानातील डब्याने केले.

१८/
बाकीचे भागही याच जातीचे. लहान कामांसाठी रेडिओ दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात सापडणारे सामान्य एनपीएन ट्रान्झिस्टर. स्पीकरसाठी ‘एलएम ३८६’ ही सर्वपरिचित आयसी. अँटेनाकडे जोर लावण्यासाठी ‘आयआरएफ ५१०’, जो खरे तर वीज चालू-बंद करण्याच्या कामासाठी बनवलेला मॉस्फेट आहे. काही ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या अँटेनात वापरला जाणारा बॅलनचा गाभा. आणि वायसर? कडीच्या आकारावर तार गुंडाळली, की कॉइलचे चुंबकीय क्षेत्र बहुतांशी आतच राहते. लोहचूर्णाची कडी मिळत नसेल तर नायलॉनची घ्यावी! नायलॉनला चुंबकीय गुण नाही, म्हणून वेढे जास्त लागतात; पण आकार ठरावीक असल्याने एकाने मोजलेले वेढे दुसऱ्यालाही लागू पडतात.

१९/
ही शेवटची ओळ महत्त्वाची. घरगुती यंत्राची खरी कसोटी ते एकाला साधले यात नसते. ते दुसऱ्या गावातल्या अनोळखी माणसालाही साधावे लागते. ‘बिटएक्स’ची रचना त्यासाठीच सहनशील ठेवलेली होती. तांब्याचा पत्रा असलेल्या साध्या बोर्डावर भाग सोल्डर करून ती उभी राही. जुळणीसाठी प्रयोगशाळेतील महागड्या उपकरणांची आवश्यकता नव्हती. ट्रान्झिस्टर थोडा वेगळा असला तरी यंत्र रुसत नसे. मर्यादाही होत्या : कॉइलवर चालणारा ऑसिलेटर तापमानाप्रमाणे हळूहळू सरकतो, आणि चालकाला अधूनमधून बटण फिरवून आवाज पुन्हा पकडावा लागतो. तरीही भारतातच नव्हे, तर जगभर अनेकांनी आपला पहिला एसएसबी संच याच आराखड्यावरून बांधला.

२०/
काळही अनुकूल होता. २००३ मध्येच जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेने लघुलहरींच्या हौशी परवान्यासाठी मोर्स संकेताची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली आणि निर्णय प्रत्येक देशावर सोपवला. पुढच्याच वर्षी या छंदाचे मोल देशाने पाहिले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचे एक पथक हौशी संपर्क मोहिमेसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दूरध्वनी कोलमडले, आणि मौजेसाठी नेलेले रेडिओ संच बेटांचा मुख्य भूमीशी असलेला दुवा बनले. आपत्तीत असा माणूस आणि असे यंत्र जवळपास असावे, यासाठी शांततेच्या काळात दोन्ही पुष्कळ असावे लागतात. स्वस्त ट्रान्सीव्हरचा प्रश्न म्हणूनच केवळ छंदाचा राहत नाही.

२१/
२०१६ च्या अखेरीस या रचनेचा नवा अवतार आला : ‘बिटएक्स ४०’, ७ मेगाहर्ट्झसाठी. या वेळी बोर्ड तयार मिळत होता आणि सुरुवातीची किंमत ५० डॉलरच्या आत होती. त्याच्या कॉइल हैदराबादेतील महिलांचा एक गट हाताने गुंडाळत असे. लवकरच त्याला ‘राडुइनो’ हा छोटा डिजिटल ऑसिलेटर जोडला गेला. ‘आर्डुइनो नॅनो’ आणि ‘एसआय ५३५१’ ही चिप यांच्या आधारे तो वारंवारता पक्की धरून ठेवी, आणि सरकत जाणाऱ्या आवाजाची जुनी तक्रार मिटली. आज्ञावली खुली असल्याने प्रोग्रामिंग जाणणाऱ्या तरुणांनी तीत स्वतःच्या सुधारणा घातल्या. सोल्डरिंग आयर्न आणि कीबोर्ड एकाच टेबलावर आले.

२२/
डिसेंबर २०१७ मध्ये ‘मायक्रोबिटएक्स’ आला. एका पट्ट्याऐवजी ३ ते ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे सर्व प्रमुख लघुलहरी पट्टे, आणि किंमत सुमारे ११० डॉलर. त्यासाठी रचना बदलली. संकेत आधी ४५ मेगाहर्ट्झपर्यंत वर चढवायचा आणि मग खाली आणायचा. दुतर्फा प्रवर्धकांचे तत्त्व कायम. यंत्र जगभर गेले आणि २०१८ मध्ये एक गंभीर दोष समोर आला. काही पट्ट्यांवर त्याच्या प्रक्षेपणात नको असलेले संकेत कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त होते. हौशीसाठी ही लहान गोष्ट नव्हे. दुसऱ्याच्या वारंवारतेवर घाण टाकणारा संच परवान्याच्या मूळ कराराचाच भंग करतो.

२३/
कारणे दोन होती, आणि दोन्हींचे मूळ कमी जागा व कमी खर्च यांत होते. पहिले : संकेताच्या दुप्पट-तिप्पट वारंवारता अडवणारे फिल्टर रिलेंनी बदलले जात, फिल्टरची आत जाणारी आणि बाहेर येणारी वाट इतकी जवळ होती, की काही संकेत फिल्टरला वळसा घालून निसटे. कुलूप दाराला आणि खिडकी उघडी! दुसरे : ४५ मेगाहर्ट्झचा संकेत पुढे झिरपला, की तो प्रक्षेपणाशी मिसळे. २८ मेगाहर्ट्झवर बोलताना ४५ वजा २८, म्हणजे १७ मेगाहर्ट्झवर नको असलेला संकेत उमटे. यंत्र लहान करताना अंतर कमी होते, आणि रेडिओत अंतर हाही एक सुटा भागच असतो. तो यादीत लिहिलेला नसतो, एवढेच.

२४/
पुढे जे झाले ते खुल्या आराखड्याचे खरे प्रमाणपत्र म्हणावे लागेल. सर्किट सर्वांसमोर होते, म्हणून दोष शोधणारेही अनेक होते. निरनिराळ्या देशांतील हौशींनी स्वतःची उपकरणे लावून मोजमापे घेतली, रिले बदलून पाहिले, जास्तीचे फिल्टर जोडले आणि निष्कर्ष एकमेकांना कळवले. २०१९ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत फिल्टर आणि रिले यांची मांडणी सुधारण्यात आली. बंद पेटीत विकलेल्या यंत्राचा दोष ग्राहकाच्या नशिबी येतो. उघड्या यंत्राचा दोष अनेकांचा अभ्यासविषय होतो, आणि दुरुस्ती साऱ्यांची मालमत्ता होते.

२५/
छोट्या ट्रान्सीव्हरचा हा इतिहास आकाराच्या दृष्टीने वाचला, तर सुटकेसपासून तळहातापर्यंतचा प्रवास दिसतो. तो मालकीच्या दृष्टीने वाचला, तर अधिक काही दिसते. १९१२ मध्ये हौशींना टाकाऊ लहरी मिळाल्या आणि त्यांनी त्या सोन्याच्या केल्या. १९४२ मध्ये ७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलल्याबद्दल मुंबईत एका तरुणीला तुरुंगवास झाला. २०१६ मध्ये त्याच वारंवारतांच्या परिसरात बोलणारे यंत्र हैदराबादेत बनून जगभर जाऊ लागले, आणि ते कसे बनते हे कोणापासूनही लपवलेले नव्हते. आज भारतात परीक्षा देऊन, परवाना घेऊन कोणीही नागरिक त्या लहरींवर स्वतःचे नाव पुकारू शकतो. मधल्या काळात परवाना आणि आवाज यांच्यामध्ये जे अंतर होते, ते मिटवण्यात नायलॉनच्या एका वायसराचाही वाटा आहे.

(धागा समाप्त)